किल्ली घरातच आहे

आमच्या घरात चष्मा हरवला, आधार कार्ड सापडेना, गॅसचं पुस्तक दिसेना, की कुणीतरी हमखास म्हणतं, "गोधडीत बघितलंस काय?" आणि सगळे हसतात. बाहेरून आलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. माझ्या सुनेलाही पहिले सहा महिने कळलं नव्हतं. शेवटी एका पावसाळी दुपारी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता वाटलं की हे लिहूनच ठेवावं. विणकामावर, गोधड्यांवर लिहिणारे बहुतेकजण रंगांविषयी, नक्षीविषयी, जपलेल्या परंपरेविषयी लिहितात. ते खरंच आहे. पण ज्या घरात सुया चालतात त्या घरात सगळ्यात जास्त काय ऐकू येत असेल, तर ते हसणं. मी तरी तेच ऐकत मोठी झाले.

माझं माहेर बेळगावजवळच्या खानापूरचं. एकदा मिरगाचा पाऊस धरला की गणपतीपर्यंत अंगणातली दोरी रिकामीच. कपडे चुलीवरच्या काठीवर वाळायचे आणि सगळ्या घरादाराला धुराचा वास यायचा. पुण्याकडचे पाहुणे नेहमी विचारतात, कर्नाटकात स्वेटर कशाला लागतो? त्यांनी जुलैमध्ये खानापूरला एक रात्र राहून बघावं. बेळगावसुद्धा साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीवरून येणारं वारं थेट अंगावर येतं. आमच्याकडे लोकर आणि गोधडी दोन्ही कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसत नाहीत, हाताशीच लागतात. गोधडीला आजी 'वाकळ' म्हणायची, आई 'गोधडी' म्हणायची आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या कन्नड घरात तीच 'कौदी' असायची. आम्ही पोरं ज्या घरात असू त्या घरचं नाव वापरायचो.

तर ती किल्ली.

आईची एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात तिचं विणकाम असायचं: नऊ नंबरच्या सुया अंगासाठी, बारा नंबरच्या बॉर्डरसाठी, एक क्रोशाची सुई आणि लोकरीच्या लड्या. त्या वर्षी आई माझ्या धाकट्या भावासाठी मोरपंखी स्वेटर विणत होती. तो चार वर्षांचा होता. पाठ पूर्ण झाली होती आणि पुढचा भाग काखेपर्यंत आला होता. ट्रंकेचं कुलूप गंजून कुरकुरायला लागलं, म्हणून एका रविवारी वडिलांनी त्यात खोबरेल तेल सोडलं, चार वेळा उघडझाप करून बघितली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. नुसत्या खिशात नाही, पॅन्टच्या चोरखिशात.

पुढच्या आठवड्यात ती पॅन्ट गुडघ्यावर फाटली.

आजीची वाकळ उन्हाळ्यात व्हायची, पाऊस धरायच्या आत. ती वर्षभर घरातली जुनी कापडं गोळा करायची आणि गोळा करताना तिची नजर जुनं-नवं फार बघायची नाही. दोरीवर एखादी वस्तू दोन दिवस राहिली की ती वाकळीच्या पोटात जायची. आजोबांचं एक चांगलं धोतर असंच गेलं होतं. ते आयुष्यभर सांगायचे, "मी ते धोतर नेसतोच आहे, फक्त झोपताना." त्या वर्षी खाली आजीची विटलेली इरकल नऊवारी, पोटात दोन चादरी, शर्ट, बनियन आणि वडिलांची खाकी पॅन्ट होती. आजीनं पॅन्टचे पाय उसवून सपाट केले, पण कमरेकडची शिवण घट्ट होती. ती उसवत कोण बसणार? चोरखिशासकट तो तुकडा तसाच आत गेला. चार कोपऱ्यांवर चार दगड, मध्ये आजी, आणि काठापासून आत आत येणारा धावदोरा, बोटभर अंतर सोडून दुसरा. पंधरा दिवसांत वाकळ तयार झाली आणि ती धाकट्याला मिळाली.

मग किल्लीची शोधाशोध सुरू झाली. आईनं देव्हाऱ्यामागं बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं. वडिलांना किल्ली खिशात टाकल्याचं आठवत होतं, पण कुठल्या खिशात ते आठवत नव्हतं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला घेतो बाबा तुझी किल्ली?" (खानापूरकडच्या आमच्या आज्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. अजूनही गावात हे कानावर पडलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.) कुलूप तोडूया असं आई दर महिन्याला म्हणायची. वडिलांचं एकच उत्तर असायचं, "किल्ली घरातच आहे. कुठं जातेय?"

आणि ती घरातच होती. धाकटा रोज रात्री तिच्यावर झोपत होता. तो तक्रारही करायचा, "आजी, वाकळ टोचते." आजी म्हणायची, "जुन्या कापडाला गाठ असतेच रे, सरकून झोप." सगळा पावसाळा आणि सगळी थंडी तो सरकून झोपला.

पुढच्या उन्हाळ्यात गोधड्या धुवायला आम्ही सगळ्याजणी मलप्रभेवर गेलो. भिजलेली गोधडी काय वजनाची होते ते जिनं उचललीय तिलाच माहीत. तिच्या आत अख्खी नदी शिरते. आई आणि आत्या पिळायला समोरासमोर उभ्या राहिल्या. आता पिळायचं म्हणजे दोघींनी आपापल्या उजव्या अंगाला पीळ द्यायचा, तरच तो बसतो. आत्या डावखुरी. ती आपल्या डाव्या अंगाला फिरवायची, त्यामुळे गोधडी पिळलीच जायची नाही, नुसती गोल गोल फिरायची आणि पाणी होतं तिथंच राहायचं. दोघी दमून गेल्या, पण का पिळत नाही ते कळेना. काठावरच्या बायका पोट धरून हसायला लागल्या. शेवटी आजी म्हणाली, सोडा ते, दगडावर आपटा. आत्यानं उचलून आपटली आणि आवाज आला, टण्.

सगळ्या गप्प झाल्या. आत्यानं पुन्हा आपटली. टण्.

आजीनं गोधडी चाचपायला सुरुवात केली. तिचा अंगठा एका जागी थांबला आणि चेहरा असा झाला की तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. ती काही बोलली नाही. कमरेच्या पिशवीतली सुई काढली, दोन टाके उसवले आणि बोट घालून किल्ली बाहेर काढली. खोबरेल तेलामुळे तिला गंजही फारसा चढला नव्हता. आई तिथंच पाण्यात खाली बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की नंतर तिला उचकी लागली. घरी येऊन वडिलांच्या हातात किल्ली दिली तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

ट्रंक उघडली तेव्हा स्वेटर चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा आणि मुलगा पाच वर्षांचा. पोरगं वर्षभरात असं वाढलं होतं की तो स्वेटर त्याच्या कोपरात अडकला. आईनं एक दिवस दुःख केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळा उसवला. उसवलेली लोकर सरळ नसते. इतके महिने टाक्यांत बसून बसून तिला वळण लागलेलं असतं, शेवया निघाव्यात तशी ती निघते. तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, मग खाली वजन अडकवून टांगायची, म्हणजे ती सरळ होते. आईनं वजन म्हणून अडकित्ता बांधला होता. धाकट्यानं दाराशी उभं राहून विचारलं, "या निळ्या शेवया कुणाच्या लग्नाच्या?"

आता माप मोठं, तेव्हा लोकर कमी पडली. आई एसटीनं बेळगावला गेली आणि खडेबाजारातून त्याच कंपनीची, त्याच नंबरची मोरपंखी लोकर घेऊन आली. पण लॉट वेगळा. विणणाऱ्यांना लॉटचं दुखणं माहीत असतं: एका वेळी रंगवलेली लोकर एका छटेची, पुढच्या वेळची दुसऱ्या. दुकानात एकसारखी दिसते आणि अंगणातल्या उन्हात फरक बाहेर पडतो. स्वेटरचं अंग एका रंगाचं झालं, बाह्या दुसऱ्या. वडिलांनी तो हातात धरून उजेडात नेला, नीट बघितला आणि म्हणाले, "अंग कर्नाटकात, बाह्या महाराष्ट्रात."

हे वाक्य त्यांनी म्हटलं याचं मोल आमच्या घरालाच ठाऊक. 1956 च्या 1 नोव्हेंबरपासून सीमेचा विषय आमच्याकडे फक्त गंभीर आवाजात निघायचा. वडील त्यावर कधी हसलेले मी बघितले नव्हते. त्या दिवशी ते हसले, आजोबा हसले, शेजारच्या कन्नड घरातले काका कुंपणावरून डोकावून "काय झालं वो?" म्हणाले, त्यांना स्वेटर दाखवला, तेही हसले. भावानं तो स्वेटर तीन वर्षं घातला आणि शाळेत त्याला सगळे 'सीमाभाग' म्हणायचे. त्याला ते नाव आवडायचं.

माझी मावशी बेळगावातल्या खासबागला दिली होती. खासबाग, वडगाव, शहापूर म्हणजे साड्यांच्या मागांची वस्ती, दिवसभर खटखट. नवी नवरी म्हणून गेली तेव्हा कुणीतरी विचारलं, तुला काय काय येतं? ती म्हणाली, "मला विणता येतं." सासरे एकदम खूष. त्यांनी तिला माग दाखवायला नेलं आणि विचारलं, दिवसाला किती वार? मावशीनं पिशवीतून दोन सुया काढून दाखवल्या. सासऱ्यांना काय बोलावं ते सुचेना. पण माणूस दिलदार होता. पुढं त्याच सासऱ्यांनी तिच्याकडून दोन हाफ स्वेटर विणून घेतले आणि मागावर बसताना हौसेनं घातले.

तिच्या शेजारी एक कन्नड अक्का. एका दुपारी अक्का दारातून म्हणाली, "नाळे होलिगे ऐति, बर्री." मावशीला तेव्हा कन्नड जेमतेम चार शब्द येत होतं, त्यातला एक ओळखीचा निघाला. होळिगे म्हणजे पुरणपोळी! ती दुसऱ्या दिवशी सकाळी जेवण न करता, घरच्या तुपाची वाटी पदराखाली धरून अक्काकडे गेली. बघते तर पडवीत कौदी अंथरलेली, चार बायका सुया घेऊन बसलेल्या. होलिगे म्हणजे शिवण. एका 'ल'चा आणि एका 'ळ'चा फरक, आणि मधे उपाशी मावशी. अक्कानं तुपाची वाटी बघून अगदी मनापासून विचारलं, "तुमच्यात सुईला तूप लावतात काय?" दोरा गुळगुळीत व्हावा म्हणून मेण फिरवतात हे अक्काला माहीत होतं, तेव्हा मराठी लोक तूप फिरवत असतील असं तिला वाटलं. मावशीनं खरं सांगितलं. बायका हसल्या, मग अक्का उठली, हरभऱ्याची डाळ शिजत घातली आणि संध्याकाळी सगळ्यांना पुरणपोळी वाढली. तेव्हापासून अक्काच्या घरी कौदीच्या दिवशी पुरणपोळी होतेच. होलिगेच्या दिवशी होळिगे. मावशी गेली पन्नास वर्षं तूप नेते.

टाके मोजण्यावरून या दोघींची जी बोलणी व्हायची ती मी कितीतरी दुपारी ऐकली आहेत. मावशीनं अक्काला स्वेटर शिकवला. सुईवर एकशे दहा टाके घालायचे, म्हणजे मोजणं आलं. मावशी मोठ्यानं मोजायची आणि अठ्ठ्याहत्तरनंतर 'एकोणऐंशी' म्हणायची. अक्का तिथं अडायची. कन्नडमध्ये सत्तर आधी येतात आणि नऊ मागून, 'एप्पत्तोंबत्तु'. तिचा प्रश्न सरळ होता: "ऐंशी म्हणतेस आणि एक कमी धर म्हणतेस. मग मी टाका घालू की काढू?" मावशीला उत्तर देता यायचं नाही, कारण उत्तर देईपर्यंत तिचेच टाके चुकलेले असायचे. मग दोघी पुन्हा पहिल्यापासून. पुढं त्यांनी तोडगा काढला. वीस वीस टाक्यांवर लाल दोऱ्याची खूण बांधायची आणि वीसच्या पुढं मोजायचंच नाही. विसापर्यंत भाषेची अडचण कमी येते, असं अक्काचं म्हणणं. 'एकोणीस' मात्र तिनं कधी माफ केलं नाही.

विणणारीच्या मनात काय चाललंय ते लोकर बरोबर पकडते, हे मला मावशीनं दाखवलं. तिनं काकांसाठी स्वेटर घेतला होता. पाठ दिवाळीच्या सुट्टीत विणली, पुढचा भाग मुलीच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालाची वाट बघताना. दोन्हींचे टाके एकशे दहाच. पण दिवाळीत हात सैल होता, दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके बसत होते. निकालाच्या आठवड्यात हात आवळला आणि त्याच जागेत चोवीस बसले. दोन टाक्यांचा फरक काय तो, असं वाटतं. पण हिशेब करून बघा: पाठ पन्नास सेंटिमीटर भरली आणि पुढचा भाग शेहेचाळीसही नाही. काकांनी तो घातला की ते कायम थोडे पुढं वाकल्यासारखे दिसायचे. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. काका तो स्वेटर उसवू द्यायला तयार नव्हते. "पोरीचा निकाल आहे हा, पुढून बघितला की कळतो," म्हणायचे.

माकडटोपीशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे गल्लोगल्ली निवृत्त फौजी, आणि पहाटे कॅम्पच्या रस्त्यानं फिरायला निघालेल्या दर दोघांतल्या एकाच्या डोक्यावर माकडटोपी. तिचं इंग्रजी नाव बालाक्लावा, क्रिमियाच्या युद्धातल्या एका गावावरून पडलेलं. त्याच गावाजवळ 25 ऑक्टोबर 1854 च्या लढाईत घोडदळ घेऊन तोफांवर धावून गेला तो लॉर्ड कार्डिगन, त्याच्या नावावरून कार्डिगन. आणि तिथल्या सगळ्या इंग्रज सैन्याचा सेनापती लॉर्ड रॅग्लन, त्याच्या नावाची ती गळ्यापासून तिरकी उतरणारी रॅग्लन बाही. एका युद्धातून इतकं विणकाम बाहेर आलं! हे मी आमच्या गल्लीतल्या एका सुभेदार काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे आदरानं बघत राहिले. त्यांच्या टोपीला काकूंनी तोंडाची खिडकी इतकी लहान ठेवली होती की चहा प्यायला ती हनुवटीखाली ओढावी लागायची. काकू म्हणायच्या, मोठी ठेवली की ते थंडीत बोलत बसतात आणि खोकला होतो.

गोधडीला माणसासारखं वागवणारे आम्हीच नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि खाली हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्या काठापासून सुरू करून गोल गोल आत येतात, आणि कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात. शेवटचा मधला तुकडा बंद करण्याआधी काहीजणी आत तांदळाचे दाणे घालतात, कवंदीचं पोट भरलेलं असावं म्हणून. मला हे कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. जी आयुष्यभर दुसऱ्यांना ऊब देणार तिला उपाशी कसं पाठवायचं, हा विचार ज्या बाईला सुचला असेल तिच्या शेजारी मला एक दिवस बसायला आवडलं असतं. हल्ली दुकानात ठिगळकामाच्या छापाच्या रजया मिळतात. ठिगळं नाहीत, ठिगळांचं नुसतं चित्र. त्या दिसायला छान आहेत, धुवायला हलक्या आहेत, पण त्यांच्यात कुणाचं धोतर नाही. मला त्या आवडत नाहीत.

आजीची ती वाकळ आता माझ्याकडे असते. आजीनं किल्ली काढल्यावर तो चोरखिसा बंद केला नव्हता. उलट वरच्या कापडाला चीर पाडून त्याला छानशी किनार शिवून दिली होती. भाऊ त्यात शेंगदाणे ठेवायचा आणि रात्री खायचा. गेल्या मे महिन्यात बघितलं तर सगळी विरत चालली होती, म्हणून वर आईच्या दोन साड्या चढवायच्या ठरवल्या. मावशीला आणि अक्काला रिक्षा करून बोलावलं. दोघींचीही ऐंशी उलटली आहे, म्हणजे एकोणऐंशीचा वाद वयानं तरी मिटला. मावशीनं तूप आणलं. सुनेनं पुरण वाटलं. चोरखिसा कुठं ठेवायचा यावर तासभर चर्चा झाली आणि तो वरच ठेवायचा ठरला. सिद्दी बायकांची गोष्ट सुनेला सांगितली होती. ती मधेच उठून आत गेली आणि चिमूटभर तांदूळ आणून तिनं त्या चोरखिशात टाकले, कुणाला न विचारता. अक्कानं त्यावर चार बारीक टाके घातले.

संध्याकाळी मंडळी निघायच्या वेळी माझे यजमान त्यांना सोडायला म्हणून स्कूटरची किल्ली शोधायला लागले. टेबलावर नाही, खिळ्याला नाही, शर्टात नाही. कुणी काही म्हणायच्या आत सगळ्याजणी गोधडीकडे बघायला लागल्या. अक्का वाकली, चोरखिशावरून अंगठा फिरवला, कान जवळ नेला.

"अक्की ऐति," ती म्हणाली. "तांदूळच आहेत. किल्ली दुसरीकडं बघा."